साध्या भांड्याची पारख

काही वर्षांपूर्वी पुण्यात भरलेल्या एका सिरॅमिक प्रदर्शनावर मी लेख लिहिला होता. भांडी हाताने घडवलेली, रंग दोनच, राखाडी आणि सायीसारखा पांढरा, नक्षी अजिबात नाही. परवा तो लेख पुन्हा काढून वाचला. त्यात ‘मौन’ हा शब्द सात वेळा, ‘शून्य’ चार वेळा आणि ‘ध्यानस्थ’ तीन वेळा आला आहे. भांड्याचे वजन किती, त्याचा काठ ओठाला कसा लागतो, त्यात आमटी वाढली तर तळाशी बोटे कशी फिरतात, याबद्दल एक अक्षर नाही. मी भांड्यांवर लिहिले होते, पण भांडे हातात घेतलेच नव्हते. ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी तिथे होती, तेवढी सबब मला पुरली.

त्याच प्रदर्शनातून एक राखाडी वाडगा मी विकत आणला आणि शहापुरात घरी येऊन पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिला. नवरात्राआधी आमच्या गल्लीत खानापूरकडच्या एक कुंभारीणबाई घट, परळ आणि पणत्या घेऊन येतात. माझ्या आईपासूनचे त्यांचे गिऱ्हाईकपण. त्या वर्षी उत्साहाच्या भरात मी तो वाडगा त्यांना दाखवायला बाहेर आणला. बाईंनी तो प्रथम उलटा केला. मी महिनाभर तो सुलटाच पाहत होतो. मग बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “भाजलंय झ्याक. पन बुडाला माती लई ठेवल्यात की. हातात धरून बगितलासा काय?”

मी धरून पाहिला. वाडगा खरोखरच तळाशी जड होता. वरून हलका दिसणारा आणि उचलताना मनगटाला ओढणारा.

“कितीला घेतलासा?” त्यांनी विचारले. मी खऱ्या किमतीच्या निम्म्याहून कमी आकडा सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. दोन्ही हातांनी वाडगा सांभाळून उंबऱ्यावर ठेवला आणि आईसाठी घट निवडू लागल्या.

माझ्या दोन पानी लेखात जे नव्हते ते त्या दोन-तीन वाक्यांत आले होते, ही गोष्ट मला बरेच दिवस टोचत राहिली. प्रस्तुत लेख हा त्या टोचणीतून आला आहे. साध्या, अलंकारविरहित, हातघडणीच्या भांड्यांबद्दल हल्ली पुष्कळ कौतुकाने लिहिले जाते. त्या भांड्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. दोष आहे तो आमच्या समीक्षेच्या भाषेचा, आणि त्याचा पहिला आरोपी मीच आहे.

*

ज्याला आपण ‘स्टुडिओ पॉटरी’ म्हणतो ती कला फार जुनी नाही. एकाच माणसाने माती मळायची, चाकावर भांडे उतरवायचे, झिलई तयार करायची, भट्टी लावायची आणि आपल्या नावाने भांडे विकायचे, ही रीत विसाव्या शतकात रुजली. बर्नार्ड लीच हा इंग्रज जपानात हे काम शिकला आणि १९२० साली शोजी हमादा या जपानी सहकाऱ्यासह त्याने इंग्लंडमधील सेंट आयव्हज् येथे आपली भट्टी उभारली. १९४० साली निघालेले त्याचे पुस्तक जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक कुंभकारांनी पाठ केले. आपल्याकडे सरदार गुरचरण सिंग त्याच सुमारास जपानात शिकून आले आणि १९५२ साली त्यांनी दिल्लीत आपली पॉटरी सुरू केली. पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी काढली. आजचे कितीतरी भारतीय कुंभकार तिथून शिकून बाहेर पडले.

महाराष्ट्राचा या कथेत वाटा आहे, तो मात्र आपण मराठीत फारसा नोंदवलेला नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तिथे नई तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवत राहिले. पुढे मोठे कुंभकार म्हणून नावाजले गेलेल्या या माणसाच्या हाताला माती वर्ध्याजवळच चिकटली. त्याहीपेक्षा महत्त्वाचे नाव निर्मला पटवर्धन यांचे. जन्म सिंधमधील हैदराबादचा, शिक्षण शांतिनिकेतनचे, सासर अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन यांच्या घरातले. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये त्यांनी कुंभारकामाचे धडे घेतले, लीच यांच्या कार्यशाळेतही काम केले. त्यांचे चिरंजीव आनंद पटवर्धन यांच्या २०२३ सालच्या ‘वसुधैव कुटुंबकम्’ या माहितीपटात या घराचे आणि निर्मलाबाईंचे जे दर्शन घडते ते ज्यांना शक्य असेल त्यांनी अवश्य पाहावे.

निर्मलाबाईंचे मोठे काम झिलईचे. झिलई म्हणजे भांड्यावर चढणारा काचेचा पातळ थर. वाळू म्हणजे सिलिका एकटी वितळायला फार उष्णता लागते. तिच्या जोडीला फेल्डस्पार, चुन्याचा दगड किंवा लाकडाची राख दिली की ती स्टोनवेअरच्या भट्टीत, साधारण १२५० ते १३०० अंश सेल्सियसला, वितळून भांड्याला बिलगते. त्यात लोहाचा अंश शेकडा एक-दोन असेल आणि भट्टीत हवा कोंडली तर हिरवट सेलॅडन मिळतो. तेच लोह आठ-दहा टक्क्यांवर गेले की काळा-तपकिरी तेनमोकू. चीन-जपानच्या या झिलया आपल्या देशात मिळणाऱ्या दगडमातीतून कशा साधायच्या, याचा निर्मलाबाईंनी वर्षानुवर्षे शोध घेतला आणि ते सारे १९८४ साली कुंभकारांसाठीच्या इंग्रजी हस्तपुस्तिकेत छापून टाकले.

‘छापून टाकले’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. कृती लपवून ठेवणे ही या धंद्याची जुनी खोड. घराण्याची चीज शागिर्दाला न देणारे गवई आपण पाहिले आहेत. जिच्यावर आपले नाव आणि आपला भाव अवलंबून आहे ती गोष्ट दुसऱ्यांच्या हाती देणाऱ्या कलावंताबद्दल समीक्षेने काही बोलायला नको काय? त्या पुस्तकात ‘मौन’ आणि ‘शून्य’ नाही. तोळामासा आहे, टक्केवारी आहे, उष्णतामान आहे. साधेपणा कशाने बनतो ते त्यात आहे. राखाडी वाडग्याचा तो शांत राखाडी रंग ही शांतता नसून लोह, राख आणि कोंडलेली हवा यांचा हिशेब आहे, आणि तो हिशेब चुकला की अख्खी भट्टी वाया जाते. हे कळल्यावर माझा त्या भांड्याबद्दलचा आदर वाढला, कमी झाला नाही.

*

आता आमच्या दारातल्या मडक्याकडे वळतो.

बेळगावहून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर खानापूर. मलप्रभेच्या काठचा हा प्रदेश मातीसाठी नावाजलेला. खानापुरी कौले आणि विटा यांनी आपल्या भागातील घरे शाकारली आणि बांधली गेली. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी मध्यवर्ती संस्थाही खानापुरातच उभी राहिली. तिकडून येणारे पाण्याचे मडके आपण इतक्या सवयीने पाहतो की ते पाहतच नाही. नक्षी नाही, झिलई नाही, रंग फारतर गेरूचा. प्रदर्शनातल्या कोणत्याही भांड्याइतकेच ते साधे आहे. फक्त त्याच्या साधेपणाची कारणे वेगळी आहेत.

कुंभार चाकावर मडके पुरे करत नाही. चाकावरून उतरते ते जाड, ओबडधोबड, खालून अपुरे असते. तोंड आणि गळा तेवढा चाकावर नीट होतो. मग ते थोडे सुकू देऊन आतून दगडी गोटा धरतात आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थापटत थापटत पोट फुगवतात, भिंत पातळ करतात आणि बूड मिटवून गोल करतात. मातीत राख, बारीक वाळू, घोड्याची लीद मिसळलेली असते. लीद आव्यात जळून जाते आणि बारीक छिद्रे मागे ठेवते. त्या छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर उडून जाते आणि आतले गार होते. आव्याची उष्णता स्टोनवेअरच्या भट्टीहून पुष्कळ कमी असते, आणि ती कमी आहे म्हणूनच हे घडते. स्टोनवेअरच्या सुरईत पाणी तसे गार होणार नाही. उलट मडक्यात लोणचे मुरवायला ठेवले तर मीठ आणि तेल भिंतीतून बाहेर येईल. त्यासाठी आमच्या आजीने वापरली ती चिनी मातीची बरणी, वर तपकिरी आणि खाली पांढरी. ती कारखान्यात बनली, कोणाची सही तिच्यावर नव्हती, पण साध्या आणि नेमक्या आकाराचा तिच्याहून चांगला धडा मला अजून मिळालेला नाही.

मडक्याचे बूड गोल का, हा प्रश्न मी त्या टिचकीनंतर प्रथमच स्वतःला विचारला. तीन दगडांच्या चुलीवर गोल बूड नीट बसते आणि आच सर्व बाजूंनी घेते. डोक्यावर चुंबळीत बसते, कमरेवर बसते, वाळूत बसते. एकटे मात्र ते उभे राहू शकत नाही. स्टुडिओतल्या वाडग्याला खाली गोल बैठक असते आणि तो सपाट टेबलावर, काचेच्या कपाटात, एकटा उभा राहतो. एक भांडे बाईच्या अंगाच्या, चुलीच्या आणि जमिनीच्या आधाराने जगते, दुसरे स्वतंत्र असते. हा उणेअधिकपणा नाही, दोन राहण्याच्या तऱ्हा आहेत. पण एका तऱ्हेच्या भांड्यावर आम्ही लेख लिहितो, दुसरीचे मडके उन्हाळा संपला की परसात उपडे टाकतो.

*

या ठिकाणी जपानातल्या एका वाडग्याची हकिकत सांगणे भाग आहे. क्योतोच्या दाइतोकुजी मठातील एका उपमंदिरात ‘किझाएमोन’ नावाचा चहाचा वाडगा जपून ठेवलेला आहे. जपानने त्याला राष्ट्रीय ठेवा म्हटले आहे. हा वाडगा मुळात कोरियातला, कोणा अनाम कुंभाराने केलेला. झिलईला भेगा, बैठकीजवळ ती ओघळून गोठलेली. जपानी चहागुरूंच्या नजरेला तो पडला आणि त्याचे भाग्य पालटले. यानागी सोएत्सु या विचारवंताने १९३१ साली तो हातात घेऊन पाहिला आणि त्याच्या अगदी सामान्य असण्यानेच तो थक्क झाला. गोरगरिबांच्या रोजच्या वापरातील अनाम वस्तूंत सर्वांत निकोप सौंदर्य असते, हा त्याच्या लोककलाविचाराचा गाभा; लीचवर आणि त्याच्यामार्फत आपल्या कुंभकारांवर या विचाराचा खोल ठसा आहे. तो वाडगा खरोखर भाताचा साधा वाडगाच होता काय, याबद्दल अभ्यासकांत आता मतभेद आहेत, पण तो मुद्दा इथे बाजूला ठेवू.

मला खटकते ते नाव. किझाएमोन हे ओसाकाच्या एका व्यापाऱ्याचे नाव, वाडग्याच्या मालकाचे. ज्याने तो घडवला त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. अनामिकतेचे कौतुक नेहमी नाव असलेली माणसे करतात. यानागीचा विचार उदात्त आहे यात शंका नाही; पण आमच्या कुंभारीणबाईंना ‘तुम्ही अनाम आहात हेच तुमचे सौंदर्य’ असे सांगायला माझी जीभ रेटणार नाही. त्यांना नाव आहे. ते आम्ही कधी विचारले नाही, एवढेच.

आणि साधे भांडे म्हणजे निष्पाप भांडे, हेही खरे नव्हे. आपल्या समाजात भांड्याइतकी राजकारणी वस्तू दुसरी नसेल. सोवळ्याच्या हिशेबात तांब्या-पितळ घासून शुद्ध होई, मातीचे मडके विटाळले की फोडावे लागे, कारण माती सारे शोषून घेते असा समज. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कप चहामुळे केवढे ग्रामण्य माजले आणि टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला, हे आपण इतिहासात वाचतो. खेड्यातल्या हॉटेलांत दलितांसाठी कानतुटकी कपबशी वेगळी ठेवली जाई, ते तर वाचायचीही गरज नाही, आमच्या पिढीने पाहिले आहे. तीही कपबशी साधीच होती, नक्षी नसलेली. तेव्हा ‘साधे म्हणजे सात्त्विक’ हे समीकरण मराठी समीक्षकाने तरी सहजासहजी मांडू नये. भांडे कोणाच्या हातात होते, कोणाच्या ओठाला लागू दिले गेले नाही, हेही त्याच्या आकाराइतकेच खरे.

*

मग पारख करायची कशी? ‘कुंभाराचे ते अस्सल आणि स्टुडिओतले ते श्रीमंतांचे चोचले’ असे म्हणणेही सोपे आहे, आणि तितकेच आळशीपणाचे. स्टुडिओतल्या कुंभकाराने साधेपणा निवडलेला असतो. नक्षी करता येत असून तो ती सोडतो. नक्षी सोडली की दोष झाकायला जागा उरत नाही. माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसते. काठ एका बाजूला जरा जाड राहिला तर भांडे वाकते, झिलई एक अंश जास्त पातळ झाली तर ओघळते आणि भट्टीतल्या फळीला चिकटते. साधे भांडे ही परीक्षा आहे, गुण नव्हे. परीक्षेला बसल्याबद्दल कोणी गुण देत नाही.

साधेपणातही पंथ आहेत, हे विसरू नये. लीचच्या पंथाची भांडी भक्कम, मातीची आठवण ठेवणारी. व्हिएन्नाहून १९३८ साली लंडनला आलेल्या लूसी रीची भांडी अगदी पातळ, शहरी, अरुंद बैठकीवर तोललेली. नक्षीचा सोस दोघांनाही नाही, पण लीचला सुरुवातीला तिची भांडी पसंत नव्हती. दोन मोठे कलावंत भिंतीच्या जाडीवरून भिन्न मताचे होतात, आणि आम्ही दोघांनाही ‘मौन’ म्हणून मोकळे होतो, हे बरे नव्हे.

आपल्या भाषेत यासाठी शब्द नाहीत, अशी तक्रार मी स्वतः केली आहे. ती खोटी होती. भांड्याला तोंड आहे, ओठ आहे, गळा आहे, कान आहेत, पोट आहे, बूड आहे. मराठीने भांड्याला माणसाचे सबंध शरीर दिले आहे. माणूस ‘कच्चे मडके’ असतो, ‘पक्का’ होतो, ‘बिनबुडाचा’ निघतो. आणि पारखीची सर्वांत मोठी गोष्ट तर आपल्या संतांनीच सांगून ठेवली आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेतले आणि जमलेल्या संतांची डोकी एकामागून एक थापटून पाहिली. नामदेव कुरकुरले आणि कच्चे ठरले. या कथेचा अर्थ कीर्तनकार सांगतात तो वेगळा. मला त्यातली धंद्याची बाजू आवडते. गोरोबांनी कोणाच्या चेहऱ्यावरचे तेज पाहून निवाडा दिला नाही. जे हत्यार रोज हातात होते त्यानेच पाहिले, आणि सर्वांना एकच थापटणे लावले, मोठ्या नावालाही.

समीक्षेनेही याहून अधिक काही करू नये आणि याहून कमीही करू नये. भांडे उलटे करून बूड पाहावे. रिकामे आणि भरलेले असे दोनदा उचलावे. काठाला ओठ लावून पाहावा. टिचकी मारून आवाज ऐकावा. ते कशासाठी केले आहे ते विचारावे आणि त्या कामाला लावून पाहावे. मडके पाणी गार करीत नसेल तर ते वाईट मडके, त्याला ‘लोककला’ म्हणून वाचवू नये. वाडगा हाताला ओढत असेल तर तो फसलेला वाडगा, त्याला ‘मौन’ म्हणून वाचवू नये. हे सारे झाल्यावर, आणि तेही उरलेच तर, मौनाबद्दल अवश्य लिहावे.

माझ्या वाडग्याचा निकाल तेवढा सांगतो. तो आता कपाटात नाही, स्वयंपाकघरात आहे. रोज सकाळी मी त्यात ताक पितो. काठ उत्तम आहे, ओठाला कुठेच टोचत नाही, आणि ताक संपत आले की आतल्या बाजूला झिलई जिथे किंचित दाट झाली आहे तिथे हिरवट छटा दिसते. ती प्रदर्शनात मला दिसली नव्हती. बूड जड आहे ते आहेच. त्या कुंभकाराला मी पत्र लिहून हे दोन्ही कळवले. त्याचे उत्तर दोन ओळींचे आले: तळ कापताना तो घाबरला होता आणि माती तशीच राहू दिली, माझ्याआधी हे कोणी सांगितले नव्हते.

हे माझे निरीक्षण नव्हे, खानापूरच्या एका बाईंचे आहे, असे मी त्याला उलट कळवले. पुढल्या नवरात्रात बाई आल्या तेव्हा त्यांनाही सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग! बूड सोडून बाकीचं समदं कुनालाबी दिसतंय की.” नंतर घटाची किंमत सांगितली. या खेपेला मी घासाघीस केली नाही, आणि त्यांचे नाव विचारून घेतले.